फिरवलेली बी

सौदीतल्या अबकैकच्या त्या कंपाउंडमध्ये विद्या खैरनारचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. एक म्हणजे तिचे मांडे. मातीचं खापर इथे कुठून आणणार, म्हणून ती गॅसवर कढई पालथी घालून त्यावर मांडे भाजायची, आणि ते इतके पातळ व्हायचे की पलीकडचं माणूस दिसावं. दुसरी गोष्ट बायका आवाज खाली आणून सांगत. विद्या बिया टाकते.

करोनाच्या दिवसांत तिचा नवरा मनीष प्लांटच्या ड्यूटीत अडकलेला, मुलगी रुचा लॅपटॉपवरच्या शाळेत, आणि विद्या स्वयंपाकघरात भिंतींशी बोलायच्या बेताला आलेली. तेव्हा मावसबहिणीने पुण्याच्या एका बाईंच्या ऑनलाइन क्लासची लिंक पाठवली. विषय होता रून्स. म्हणजे उत्तर युरोपातल्या थंड मुलखातली जुनी अक्षरं, दगडावर नाहीतर लाकडावर कोरलेली. प्रत्येक अक्षराला नाव, आणि नावामागे एकेक वस्तू: गुरं, काटा, गारपीट, प्रवास. अक्षरं कोरलेले तुकडे पिशवीत घालायचे, प्रश्न मनात धरायचा, हाताला येतील ते तीन काढून ओळीत मांडायचे आणि उत्तर लावायचं. अक्षर सरळ आलं तर एक अर्थ, उलटं आलं तर त्याच्या विरुद्ध.

क्लासमधल्या बाकीच्या बायकांनी तयार दगडांचे संच मागवले. विद्याची ती सोय नव्हती. भविष्य सांगणं हा या देशात गुन्हा. कस्टमवाल्यांनी पार्सल उघडलं तर काय सांगायचं? घरात होफूफच्या बाजारातून आणलेला मोठा मेजदूल खजूर होता. त्याच्या लांबोड्या बिया तिने धुतल्या, वाळवल्या, दाभण तापवून बोटाला फोड येईपर्यंत एकेका बीच्या पाठीवर अक्षर कोरलं आणि त्या चरांत तेलात कालवलेलं कुंकू भरलं. बीचं टोकदार तोंड ती अक्षराची वरची बाजू. बियांची पिशवी साबुदाण्याच्या डब्यात पुरून ठेवलेली असे.

"तुझ्या या खजूरशास्त्राची कुणी तक्रार केली ना," मनीष म्हणायचा, "तर कफील, ज्याच्या नावावर आपला व्हिसा आहे तो, बोलावून सांगेल, खलास, यल्ला, बायकोला घेऊन नाशिकला जा."

"मग बरंच होईल. सोळा वर्षं तेच मागतेय."

समोरच्या घरातल्या हैदराबादच्या मासूमाला तिने एकदा हौसेने विचारलं होतं, तुझी टाकू का? मासूमाने दोन्ही कानांना हात लावले. "भाभी, ये मत किया करो. ग़ैब की बात ऊपरवाला जाने. आप को क्या पड़ी है बीच में बैठने की?" आणि तरीही ईदेला शीरखुर्मा न चुकता पाठवला.

तसं विद्या करायची तरी काय? मुलाची ॲडमिशन होईल का, नवऱ्याची बदली राबिघला होईल का, सासूबाई यंदा तरी तिकीट रद्द करतील का, असले प्रश्न यायचे. उत्तर निम्मं अक्षराचं असायचं आणि निम्मं समोरच्या चेहऱ्याचं. पुण्याच्या बाईंनी याला हरकत घेतली नव्हती. त्यांचा दंडक एकच. बी पिशवीतून येईल तशी ठेवायची. अर्थ लावायला तुम्ही मोकळ्या आहात, अक्षर फिरवायला नाही.

विद्याने तो दंडक पाळला होता. अपेक्षाची बी निघेपर्यंत.

अपेक्षा तोरसकर मागच्या ओळीत राहायची. देवगडकडची, विद्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, बोलायला फटकळ आणि हाताला चवदार. तिचा नवरा वैभव प्लांटवर इन्स्ट्रुमेंटमध्ये, मुलगा ऋग्वेद दुसरीत. विद्याला ती ताई म्हणे आणि अगंतुगं करी. दोघींच्या घरांत स्टीलचा एक कडीचा डबा फिरायचा. मूळचा तो विद्याच्या आईचा, झाकणावर नाव कोरलेला. त्यातून कधी मांडे जायचे, कधी घावणे यायचे. काहीच नसेल तर अपेक्षा त्यात चमचाभर साखर घालून पाठवायची. रिकामा डबा परत करायचा नाही, हे दोघींच्याही आयांनी शिकवलेलं.

त्या वर्षी विद्याचं घर झालं होतं. नाशिकला, गंगापूर रोडच्या आत, तिसऱ्या मजल्यावर. सोळा वर्षं दुसऱ्याच्या भिंतींना खिळा मारताना परवानगी मागणाऱ्या बाईला स्वतःच्या भिंती म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. माघातला मुहूर्त काढला, गुरुजी ठरले, दोन्हीकडच्या नातेवाइकांना आमंत्रणं गेली. मनीषने कशीबशी आठ दिवसांची रजा मिळवली. अडचण एकच होती. त्याच आठवड्यात रुचाच्या दहावीच्या प्री-बोर्डचे पेपर होते, आणि वास्तुशांतीला नवराबायकोने जोडीनेच बसावं लागतं.

"त्यात काय एवढं?" अपेक्षा म्हणाली. "रुचा माझ्याकडे राहील. माझ्या ऋग्वेदला पण शिस्त लागेल जरा."

पंधरा वर्षांची मुलगी दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायला विद्या तयार झाली नसती. अपेक्षाकडे ठेवताना तिने विचारही केला नाही.

निघायच्या चार दिवस आधी सकाळी, मुलांची बस दम्मामच्या शाळेकडे गेल्यावर, अपेक्षा डबा घेऊन आली. डब्यात शिरवाळे होते. डोळे सुजलेले.

"उल्हासदादाचा फोन होता." उल्हासदादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. तिचे वडील, आबा, अपेक्षाची आई गेल्यापासून त्याच्याकडेच होते. "आबांना धाप लागते म्हणतो. डॉक्टर म्हणतात छातीत पाणी झालंय. विचारलं, येऊ का? तर म्हणतो, तशी घाई नाही, पण येऊन गेलीस तर बरं."

"आबांशी बोललीस?"

"बोलले ना. म्हणतात, माका काय झालेला नाय. आणि लगेच म्हणतात, तू येशीत तेव्हा एक गोष्ट सांगूची हा. मी म्हटलं, आत्ता सांगा की. तर म्हणे, फोनवर नको." अपेक्षाने नाक पुसलं. "वैभवच्या प्लांटचं शटडाउन दोन आठवड्यांनी संपतं. तेव्हा सगळेच जाऊ म्हणतो. मला काही सुचत नाही गो, ताई. जाऊ की थांबू? तूच बघ. काढ तुझ्या बिया."

विद्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिला नंतर पुष्कळ वेळा आठवलं. आबांची धाप नाही आली मनात. रुचा आली. ही गेली तर रुचाला कुठे ठेवू, हे आलं. मग रद्द झालेला मुहूर्त आला, मोठ्या जावेचं तिरकं हसू आलं, आणि मग स्वतःची लाज आली. पण तोवर ती साबुदाण्यात हात घालून पिशवी शोधत होती.

ती तेव्हाच म्हणू शकली असती, की जा बाई, वडील आहेत. त्याला बिया लागत नव्हत्या.

टेबलावर स्वच्छ नॅपकिन पसरला. अपेक्षाने डोळे मिटून पिशवीवर हात ठेवला. पहिली बी निघाली ती मागच्या काळाची. त्यात काही विशेष नव्हतं. दुसरी बी आत्ताची. विद्याने ती बोटांत धरून बाहेर काढली आणि मुठीतूनच तिला दिसलं. राइडो. प्रवासाचं अक्षर. टोक वर, पुढे, रस्त्याकडे. याहून स्पष्ट उत्तर तिने कुणाला दिलं नव्हतं. जा.

अपेक्षाने डोळे उघडायच्या आत विद्याच्या अंगठ्याने बी फिरवली.

ठरवून केलं असं म्हणावं, तर हात विचार करत नाही. आपोआप झालं म्हणावं, तर मग तिने ती परत सरळ का केली नाही? तिने तिसरी बी काढली, काहीबाही अर्थ जुळवला आणि दुसरीवर बोट ठेवलं.

"ही प्रवासाची. उलटी आलीय बघ. रस्ता अडलेला आहे. आत्ता नको म्हणतेय. थोडं थांब."

अपेक्षाने सुटकेचा केवढा तरी श्वास सोडला. "मला वाटलंच. वैभव पण तेच म्हणत होता. म्हणजे वेळ आहे अजून."

"वेळ आहे," विद्या म्हणाली. तिच्या अंगठ्याला कुंकू लागलं होतं. ते तिने नॅपकिनला पुसलं.

वास्तुशांत छान झाली. सगळे म्हणाले तसं. विद्या पैठणी नेसून मनीषच्या उजव्या हाताला बसली, होमाच्या धुराने डोळे चुरचुरले, गुरुजींनी कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरला. दुपारी पंगत उठत असताना अपेक्षाचा मेसेज आला: रुचाचा मॅथ्सचा पेपर मस्त गेला, थालीपीठ खाऊन झोपलीय. विद्याने तो मेसेज जावेला दाखवला. "बघा, परदेशात अशी माणसं मिळायला भाग्य लागतं."

संध्याकाळी दुसरा मेसेज आला. आबांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ओरोसच्या सिव्हिल हॉस्पिटलला हलवलंय.

विद्या नव्या घराच्या बाल्कनीत उभी राहून तो वाचत राहिली. तिने फोन लावला. अपेक्षा रडत होती, पण बोलणं सरळ होतं. "तू काय धावपळ करू नको हां, ताई. रुचाचे दोन पेपर राहिलेत. वैभव रात्रंदिवस प्लांटवर आहे, तिला एकटीला मी टाकून जाणार नाही. तू ये ठरल्याप्रमाणे, मग मी निघते."

सकाळच्या विमानात जागा होती. मनीषने फोनवर बघून सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता, ताटं मागवलेली होती, आणि पूजा अर्धवट टाकून जाणं बरं नव्हे, असं सासूबाई म्हणाल्या. विद्याने त्यांच्यावर ढकललं आणि राहिली.

ती परत आली त्याच दिवशी अपेक्षा ऋग्वेदला घेऊन गेली. कंपाउंडच्या फाटकापाशी टॅक्सी उभी होती. विद्याने बुंदीच्या लाडवांनी भरलेला डबा तिच्या हातात दिला, कारण मोकळ्या हाताने कसं पाठवायचं? अपेक्षाने एक लाडू तिथेच मोडून मुलाला भरवला, उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, डबा वैभवकडे दिला, आणि म्हणाली, "वास्तूचा प्रसाद आहे. आबांना गुण येईल."

आबा महिनाभर होते. अपेक्षाने त्यांचं सगळं केलं. ते तिच्याकडे बघायचे, डावा हात उचलायचे, तोंडातून घों घों असा आवाज काढायचे, आणि मग चिडून डोळे मिटायचे. बोलले नाहीत. गेले.

विद्याला वाटलं होतं, अपेक्षा परत येईल तेव्हा काहीतरी म्हणेल. निदान बियांना नावं ठेवेल. तिने त्याची तयारी केली होती. मेसेजमध्ये टाकायची वाक्यं ती पोळ्या लाटताना जुळवायची आणि मोडायची.

अपेक्षा आली ती वाळकी दिसत होती. डब्यात कुळथाचं पीठ. आल्या आल्या तिने विद्याला मिठी मारली.

"तुझ्या बिया खऱ्या गो, ताई. मी खूप विचार केला. तेव्हा गेले असते तर चार दिवसांनी परतले असते, ऋग्वेदची शाळा म्हणून. मग झटका आला असता आणि परत धावता आलं नसतं. थांबले म्हणून शेवटचा महिना मिळाला मला. त्यांचं हगणंमुतणं केलं. भाग्य म्हणायचं."

विद्या चहा गाळत होती. तिने गाळणीतला चोथा चमच्याने पुन्हा पुन्हा दाबला.

"फक्त ते सांगायचं काय होतं, ते राहिलं," अपेक्षा म्हणाली. मग स्वतःच हसली. "विहिरीच्या पंपाचं असेल. त्या पंपापलीकडे त्यांना दुसरा विषय नव्हता." हसता हसता थांबली. "ताई, मला शिकव ना हे. मला पण वाचता यायला पाहिजे."

नाही म्हणायला विद्याकडे कारण नव्हतं. म्हणजे एकच होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

दर मंगळवारी, बस गेल्यावर, अपेक्षा येऊ लागली. तिने स्वतःच्या बिया केल्या, वैभवच्या टूलबॉक्समधल्या कोरणीने, विद्याच्याहून सुबक. विद्या क्लासच्या क्रमाने शिकवू लागली. पहिलं अक्षर फेहू, गुरंढोरं, भरलेलं घर. दुसरं उरुझ, रानरेड्याची ताकद. तिसरं थुरिसाझ, म्हणजे काटा.

"काटा कसा लावायचा?"

"दारात आलेली अडचण. किंवा आपल्याला टोचणारं, पण राखणही करणारं माणूस."

"सासूबाई," अपेक्षा म्हणाली, "पुढे चल."

ती चटकन शिकत होती. अर्थ पाठ करायची नाही, घरात आणून बसवायची. फेहू उलटी आली तर म्हणायची, गाय दावं तोडून गेली. विद्याला हसू यायचं आणि हसताना ती पुढची अक्षरं मोजायची. कारण क्रम तिला ठाऊक होता. चौथं अक्षर अनसुझ, आणि पाचवं राइडो. तिसऱ्या धड्यानंतर तिने एक मंगळवार डोकं दुखतंय म्हणून घालवला. पुढचा, मनीषच्या साहेबांची बायको येणार आहे म्हणून. कुणी आलं नाही.

या दिवसांत तिने स्वतःशी सगळे हिशेब मांडून पाहिले. बियांवर आपला विश्वास नाही म्हटलं, तर ती एक साधी थाप होती, आणि ती मैत्रिणीला मारलेली. विश्वास आहे म्हटलं, तर त्याहून वाईट. मग जे सांगायला आलं होतं त्याच्या तोंडावर तिने हात ठेवला होता. कुठूनही निघालं तरी वाट त्याच टेबलापाशी यायची. मनीषला तिने एकदा अर्धवट सांगून पाहिलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "अगं, खजुराच्या बिया त्या. म्हाताऱ्याला झटका यायचा होता, आला. तू काय त्याच्या मेंदूत शिरली होतीस?" तिला वाटलं, हाच आपल्याला रोज उठून हसतो, आणि आज नेमका उपयोगी पडायला बघतोय. आणि पडत नाहीये.

अनसुझचा दिवस आलाच.

"ही वाचेची," विद्या म्हणाली. "बोलणं, निरोप, वडीलधाऱ्याचा शब्द."

"उलटी?"

"सांगायचं ते पोचत नाही."

अपेक्षाने बी उचलली, टोक खाली करून तळहातावर ठेवली. "म्हणजे आबांची ही होती," ती म्हणाली. पुढे काही विनोद केला नाही. विद्याने उठून उगाच फ्रीज उघडला आणि त्यातल्या कोथिंबिरीकडे बघत उभी राहिली.

पाचव्या धड्याला अपेक्षा स्वतःच म्हणाली, "आज राइडो ना? ही मला ओळखते." तिने आपली बी काढून नॅपकिनवर ठेवली. सरळ ठेवली, मग उलटी, मग सरळ. "एक विचारू? तू तिकडे बसतेस, मी इकडे. तुला सरळ दिसते ती मला उलटी. मग खरी कुणाची?"

विद्याला सुटकेचं दार उघडलेलं दिसलं. एवढंच म्हणायचं होतं, की ते धूसरच असतं गं, कुणाला सरळ, कुणाला उलटी.

"काढणाऱ्याची," ती म्हणाली. तेवढं तरी तिने खरं सांगितलं. "काढणाऱ्याच्या बाजूने वाचायचं. आणि येईल तशी ठेवायची. फिरवायची नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"बरं बाई." अपेक्षाने बिया पिशवीत भरल्या, पिशवी खळखळ हलवली. "आज माझी परीक्षा. मी तुझ्यासाठी काढते. प्रश्न मनात धर, मला सांगू नको. डोळे मीट."

विद्याने डोळे मिटले. प्रश्न काही तिला धरावा लागला नाही, त्यानेच तिला धरून ठेवलं होतं. बियांचा आवाज ऐकू आला. मग थांबला. किंचित जास्तच वेळ थांबला, आणि विद्याने डोळे उघडले.

अपेक्षाच्या चिमटीत फेहू होती. टोक खाली. तिने विद्याकडे पाहिलं, जीभ चावली, आणि बोटाने बी सर्रकन फिरवून नॅपकिनवर सरळ ठेवली.

"पाहिलंस तू!" ती हसायला लागली. "आता पाहिलंसच, तर ऐक. नवीन घर घेतलेल्या बाईला मी काय सांगू, गाय दावं तोडून गेली? मला नाही जमणार. बघ, उभी केली परत दावणीला. आपल्या माणसासाठी एवढं चालतं गो."

विद्याने त्या बीच्या टोकावर बोट ठेवलं.

"मी पण फिरवली होती," ती म्हणाली.

"कधी?" अपेक्षा अजून हसतच होती.

"तुझी. आबांच्या वेळी. राइडो सरळ आली होती."

अपेक्षाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, पाहुणे निघून गेल्यावर मांडून ठेवलेल्या बश्यांसारखं. "सरळ म्हणजे जा."

"हो."

"का?"

उत्तरं पुष्कळ होती. तुझी दगदग होईल वाटलं. वैभवही थांबच म्हणत होता. त्यातलं प्रत्येक थोडंथोडं खरंही होतं. "वास्तुशांत होती," विद्या म्हणाली. "तू गेली असतीस तर रुचाला कुठे ठेवलं असतं?"

बाहेर कचऱ्याची गाडी मागे जाताना वाजते तशी वाजत होती.

"मला सांगायचंस ना," अपेक्षा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती खरंच समजून घेऊ बघत होती. "ताई, अडचण आहे, आठ दिवस थांब, असं नुसतं म्हणाली असतीस, तरी मी थांबले असते. तुझ्यासाठी थांबले नसते का?"

विद्याने मान हलवली.

"पण मग मी आबांना फोन केला असता. म्हटलं असतं, आबा, माझं आठ दिवस येणं होत नाही, काय सांगायचं ते आत्ताच सांगा. हट्ट धरून काढून घेतलं असतं. बोलत होते ना तेव्हा ते. रोज बोलत होते." तिने हाताची मूठ तोंडावर धरली आणि काढली. "तू म्हणालीस वेळ आहे. म्हणून मी विचारलंच नाही. म्हटलं, गेल्यावर निवांत ऐकू."

"अपेक्षा, मी..."

"आणि लाडू खाल्ला मी तुझा," अपेक्षा म्हणाली. "रिक्षा, टॅक्सी काय ती, तिच्या दारात उभी राहून. माझ्या पोराला भरवला. गुण येईल म्हणाले."

ती उठली. नेहमीच्या सवयीने तिने स्वतःचा कप उचलून सिंकमध्ये नेला, विसळला, पालथा घातला. मग ती सवयच तिला बोचली असावी. हात पुसायला नॅपकिन न घेता ओढणीला पुसत ती दाराकडे गेली. स्वतः कोरलेल्या बिया टेबलावरच राहिल्या. फेहू तशीच, सरळ उभी.

विद्याने तिला हाक मारली नाही. हाक मारून सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि माफ कर म्हणणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं.

दुपारी तिने दोन्ही पिशव्या घेतल्या. कचऱ्यात टाकायला निघाली आणि अपेक्षाची पिशवी बाजूला ठेवली. ती टाकायचा अधिकार तिचा नव्हता. स्वतःच्या बिया तिने गरम पाण्यात टाकल्या. कुंकू सुटून पातेलं लाल झालं. चर मात्र तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर अपेक्षा ऋग्वेदचा हात धरून उभी होती. मासूमा दोघींच्या मधोमध येऊन गरमीच्या गोष्टी करत राहिली, तिला काही कळलं की नाही कोण जाणे. बस आली. अपेक्षाने रुचाच्या वेणीतून सुटलेली बट कानामागे सारली, "टिफिन संपव गो," म्हणाली, आणि विद्याकडे न बघता मागच्या ओळीच्या रस्त्याला लागली.

रुचा शाळेतून आली ती हातात काहीतरी घेऊन.

"आई, अपेक्षा आंटीने डबा बाहेर ठेवलाय. बेल पण नाही वाजवली. यू टू हॅड अ फाइट?"

"हातपाय धू आधी."

विद्याने डबा ओट्यावर ठेवला. कुळथाचं पीठ आलं होतं त्याच्यानंतर तिने यातूनच मांडे पाठवले होते. डबा लख्ख घासलेला, झाकणावरचं आईचं नाव चकाकत होतं. वजनाला हलका लागला, पण साखर असली तर वजन कुठे कळतं?

तिने कडी काढली. आत पाहिलं, आणि तरीही तळाशी, कडेच्या खाचेतून, बोट गोल फिरवलं. बोट कोरडंच वर आलं.